खूण पटली पाहिजे

आपल्या घरातील तांब्यापितळेची जुनी भांडी बघा. तांब्यावर, परातीवर, हंड्यावर नाव कोरलेले असते. लग्नकार्यात चार घरची भांडी एकत्र होतात. कार्य संपले की ज्याचे भांडे त्याच्या घरी परत जाते. ते कशावरून? नावावरून. नाव वाचता आले नाही, तर नावापुढे कोरलेल्या फुलावरून.

धनगर आपल्या मेंढरांच्या अंगावर रंगाची खूण करतात. दोन कळप एका पाणवठ्यावर मिसळले, तरी मेंढरे बरोबर वेगळी होतात.

खूण म्हणजे तोंड न उघडता सांगितलेली गोष्ट. ती बघणाऱ्याच्या मनात पटकन पटली पाहिजे. पटली नाही, तर ती खूण नव्हे. तो नुसता डाग.

धंद्यालाही खूण लागते. आपण तिला मार्का म्हणतो, छाप म्हणतो. शहरात तिला लोगो म्हणतात. पुस्तकी मराठीत बोधचिन्ह म्हणतात. शब्द वेगळे, पण वस्तू एकच. या धड्यात आपण तिचाच विचार करू. आता खेडोपाडी बचत गट पापड करतात, लोणची घालतात, मसाले कुटतात. कोणी गिरणी काढतो, कोणी दूध विकतो. प्रत्येकाला पाटी हवी, पाकीट हवे, मार्का हवा. त्यात घामाचे पैसे जातात. ते वाया जाऊ नयेत, म्हणून हा धडा.

रस्त्यावरच्या खुणा

रस्त्याने जाताना झाडाला एक जुना टायर टांगलेला दिसतो. आपण लगेच ओळखतो, की येथे पंक्चर काढतात. पाटी नसली तरी चालते. रात्री अंधारातही गाडीच्या उजेडात तो टायर दिसतो.

उन्हाळ्यात घुंगरांचा छुनछुन आवाज येतो. रसवंती जवळ आली, हे पोराटोरांनाही कळते. येथे खूण डोळ्यांना नाही, कानांना आहे. न्हाव्याच्या दुकानावर कंगवा आणि कात्री काढलेली असते. तीही सगळ्यांना समजते.

या खुणा कोणा मोठ्या कारागिराने काढल्या नाहीत. तरी त्या चांगल्या आहेत. का बरे? तीन कारणे आहेत. एक, त्या साध्या आहेत. दोन, त्या लांबून कळतात. तीन, त्यांचा धंद्याशी मेळ आहे. टायर टांगून कोणी लोणचे विकत नाही.

आपल्या देशाने एक फार मोठे काम अशा साध्या खुणांवर केले आहे. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे त्या वेळी शंभरांत सुमारे अठरा माणसांनाच लिहिता-वाचता येत होते. मग बाकीच्यांनी मत कसे द्यावे? पक्षांना चित्रे दिली गेली. काँग्रेसला जोखडाची बैलजोडी मिळाली. समाजवादी पक्षाला वडाचे झाड मिळाले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचे चित्र होते. ज्यांना एक अक्षर येत नव्हते, त्यांनीही चित्र बघून आपले मत आपल्या हाताने टाकले. पुढे ती चिन्हे बदलली. पण बैलजोडी म्हटले की जुन्या माणसांना ती निवडणूक अजून आठवते. साध्या चित्राची ताकद एवढी असते.

कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणही असाच. १९६० नंतरच्या काळात तो गावोगावच्या भिंतींवर आला. तीन रेघा आणि आत लाल रंग. खेड्यातला कोणताही रंगारी तो काढू शके. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले. त्याच्या चिन्हात एक ज्योत आहे आणि तिला वाऱ्यापासून जपणारे दोन हात आहेत. विमा म्हणजे काय, हे त्या दोन हातांनी सांगून टाकले.

एका गटाची गोष्ट

आता एका गावची गोष्ट ऐका. तेथे बायकांचा एक बचत गट आहे. गटात अकरा जणी आहेत. त्या कांदा-लसूण मसाला करतात. पूर्वी तो साध्या पिशवीत भरून, दोरा बांधून आठवड्याच्या बाजारात विकत. विकणारी ओळखीची होती, घेणारी ओळखीची होती. तोंड हाच मार्का होता.

मग तालुक्याच्या गावचा एक दुकानदार म्हणाला, "मसाला चांगला आहे. मी दुकानात ठेवतो. पण पाकीट छापून आणा. त्यावर नाव पाहिजे, मार्का पाहिजे. माझ्या दुकानात तुम्ही उभ्या राहणार नाही. तुमच्या वतीनं पाकीटच बोलणार."

बायका खूश झाल्या. पाच हजार पाकिटे छापायची ठरली. खर्च पंधरा हजार रुपये. वर्षभराच्या बचतीतले पैसे होते. गटाच्या सचिव वहिनी छापखान्यात गेल्या. तेथे संगणकावर एक मुलगा बसला होता. त्याने विचारले, "काय काय टाकू?" वहिनी म्हणाल्या, "मिरची टाक. लसूण टाक. उखळ-मुसळ टाक. गटाची एकी दाखवायला हात टाक. सूर्य पण टाक, शुभ असतो." मुलाने अर्ध्या तासात सगळे टाकले. भोवती लाल-पांढरा चौकोन केला आणि तो टोकावर उभा केला. वहिनींना तो ऐटदार वाटला. गावाच्या वेशीवर लावायचा फलक त्यांनी त्याच वेळी छापून घेतला. पाकिटाचा नमुना मात्र गटाला दाखवायला घरी आणला.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. नमुना हातोहात फिरला.

"किती झाक दिसतंय गं!" एक जण म्हणाली.

त्या गटात एक मावशी होत्या. वय साठीला आलेले. त्या दोन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या होत्या. अजून अक्षराखाली बोट धरून वाचत. त्यांनी नमुना जवळ घेतला. बोट सरकू लागले. 'महिला' वाचून झाले. पुढच्या शब्दावर बोट थांबले.

"सचिवबाई, हे काय लिहिलंय?"

"गृहउद्योग, मावशी."

"नाही गं. 'गृह'च्या ग ला खाली ऋकार असतो. इथं ग ला र जोडलाय. हे 'ग्रह' झालं. गृह म्हणजे घर. ग्रह म्हणजे शनी-मंगळ. आपण मसाला घरात कुटतो का आभाळात?"

सगळ्या खळखळून हसल्या. सचिव वहिनी मात्र हसल्या नाहीत. फलकावर तेच छापून झाले होते.

एवढ्यात एक दादा शेतातून परत येत होते. पाठीवर फवारणीचा पंप होता. ओट्यावरचा नमुना त्यांना लांबून दिसला. ते थांबले आणि म्हणाले, "कसलं औषध आणलंय? लाल दिसतंय. जपून बरं का, पोरं आहेत घरात."

आता सगळ्या गप्प झाल्या.

दादांची चूक नव्हती. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचे दोन भाग असतात. खालच्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी. त्याच्या वरच्या भागात कवटी आणि हाडे असतात. पिवळा म्हणजे त्याखालोखाल विषारी. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे त्याहून कमी, पण विषारीच. १९७१ च्या नियमांपासून ही पद्धत आहे. शेतकऱ्याच्या डोळ्यांत तो चौकोन पक्का बसलेला आहे. तोच चौकोन मसाल्याच्या पाकिटावर आला होता. खाण्याच्या वस्तूवर विषाची खूण! जो ते पाकीट बघेल, तो घेताना थबकेल. त्याहून वाईट म्हणजे, लाल चौकोन मसाल्यावर बघायची सवय झाली, तर उद्या एखादे पोर विषाच्या डब्यालाही भिणार नाही.

शेवटी मावशींनी आपल्या नातवाला हाक मारली. त्याला दहा पावलांवर उभे केले आणि नमुना दाखवला. "बाळा, यात काय दिसतं?"

पोराने डोळे बारीक केले. "फुलकोबी," तो म्हणाला.

मिरची, लसूण, उखळ, मुसळ, हात, सूर्य, एवढे सगळे काडेपेटीएवढ्या जागेत कोंबले होते. जवळून ते चित्र होते. लांबून तो गोळा झाला होता. एक ना धड, भाराभर चिंध्या.

चूक कोणाची?

या गोष्टीत त्या मुलाला बोल लावणे सोपे आहे. पण त्याने सांगितले तेवढे केले. माल कोणता, तो कोण घेणार, पाकीट केवढे, हे त्याला कोणी सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही. लहान धंद्यांचे मार्के असेच बिघडतात. काही चुका आम्ही पुन्हा पुन्हा बघतो. त्या येथे सांगतो.

पहिली चूक गर्दीची. सगळे सांगायच्या नादात काहीच सांगून होत नाही.

दुसरी चूक मेळ नसण्याची. दुकान बियाण्यांचे आणि चित्र गरुडाचे. गरुड सुंदर असेल, पण तो बी विकतो हे कोणाला कळणार?

तिसरी चूक वळणदार अक्षरांची. अक्षरांना इतक्या वेलांट्या आणि सावल्या देतात, की शिकलेल्यालाही नाव वाचता येत नाही. पिवळ्यावर पांढरी अक्षरे काढतात. उन्हात ती दिसतच नाहीत.

चौथी चूक अशुद्ध लिहिण्याची. संगणकावर जोडाक्षरे कधी तुटतात. 'शुद्ध तूप' लिहायचे असते आणि 'शुध्द' छापले जाते. ज्याला आपले शब्द शुद्ध ठेवता येत नाहीत, त्याचे तूप शुद्ध असेल का, अशी शंका गिऱ्हाइकाच्या मनात येते.

पाचवी चूक नकलेची. मोठ्या कंपनीचा मार्का थोडा फिरवून घेतात. नावात एक अक्षर बदलतात. यात दोन तोटे आहेत. कायद्याने त्रास होऊ शकतो, हा एक. आपला माल चांगला असला तरी त्याचे श्रेय दुसऱ्याला जाते, हा दुसरा.

या खुणा घेऊ नयेत

काही खुणा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. त्या फुकटच्या वाटतात. पण त्या आपल्या नसतात.

पांढऱ्यावर लाल फुली बघा. पुष्कळ दवाखाने आणि औषधांची दुकाने ती लावतात. पण ही खूण सर्वांसाठी नाही. १८६४ सालच्या जिनीव्हा करारापासून ती युद्धातील जखमींची सेवा करणाऱ्यांसाठी राखलेली आहे. 'येथे जखमी आहेत, गोळी झाडू नका,' असे ती सांगते. आपल्या देशातही १९६० च्या कायद्याने तिचा दुसरा वापर बंद केला आहे. ती खूण प्रत्येक दुकानावर दिसू लागली, तर तिचा धाक उरणार नाही. मग रणांगणावर जीव जातील.

राष्ट्रध्वज आणि सरकारची सिंहमुद्रा आपल्या मार्क्यात घेता येत नाही. महात्मा गांधी आणि छत्रपती शिवाजी महाराज यांची नावे व चित्रेही धंद्यासाठी अशी वापरता येत नाहीत. त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. हा कायदा १९५० चा आहे. थोरांबद्दल आदर असावा. पण त्यांच्या नावावर मिरची विकणे हा आदर नव्हे.

खाण्याच्या पाकिटावर एक खूण मात्र लावावीच लागते. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे. पण काही माणसांना हिरवा आणि तपकिरी यांतील फरक ओळखता येत नाही. त्यांना दोन्ही ठिपके सारखेच दिसत. म्हणून २०२० च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. आता रंग कळला नाही, तरी आकार कळतो. यातून आपणही धडा घ्यावा. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये. आकारही वेगळा असावा.

पाटीविषयीही एक नियम लक्षात ठेवा. महाराष्ट्रात दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी अक्षरांत लिहावे लागते. दुसऱ्या लिपीत नाव लिहिले, तरी मराठी अक्षरे त्याहून लहान नसावीत. २०२२ च्या दुरुस्तीने हा नियम लहान दुकानांनाही लागू झाला.

छापण्याआधी पारखून बघा

मार्का चांगला की वाईट, हे ओळखायला चित्रकार व्हावे लागत नाही. पुढील गोष्टी घरच्या घरी करून बघाव्यात.

१. दहा पावलांवरून बघा. काय दिसते ते दुसऱ्याला विचारा. आपण स्वतः उत्तर सांगू नका.

२. बोटाच्या पेराएवढा लहान करून बघा. रेघा एकमेकींत मिसळतात का?

३. एका रंगात बघा. पावतीवर किंवा शिक्क्यावर रंग नसतात. काळ्या शाईतही मार्का ओळखता आला पाहिजे.

४. काठीने मातीत काढून बघा. चार रेघांत निघाला, तर लोकांच्या ध्यानात राहील. निघाला नाही, तर तो फार अवघड आहे.

५. नवीन वाचायला शिकलेल्या माणसाकडून प्रत्येक अक्षर वाचून घ्या. हे फार महत्त्वाचे आहे. सराईत माणूस शब्द बघतो आणि पुढे जातो. नवा वाचणारा एकेक अक्षर तपासतो. सचिव वहिनी दहावी शिकलेल्या होत्या. चूक मावशींना सापडली.

वाचकहो, म्हणून आपण हळू वाचतो याची लाज धरू नका. सावकाश वाचणारा डोळाही कामाचा असतो. कोठे सही करण्याआधी, काही छापण्याआधी, बोट धरून वाचा. न कळले तर विचारा.

पुढे काय झाले?

त्या ओट्यावर मावशी म्हणाल्या, "आपण रोज दारात रांगोळी काढतो. तुळशीपुढं गोपद्म काढतो. चार रेघांत गाईचं पाऊल उमटतं. मग आपला मार्का दुसऱ्यानं कशाला काढायचा?"

एकीने घरातून रांगोळी आणली. ओट्याखालच्या सारवलेल्या जागी एकेक जण काढू लागली. कोणी मिरची काढली. तिचा साप झाला. कोणी लसणाचा गड्डा काढला. तो कांद्यासारखा दिसला. मग एकीने फक्त उखळ काढले आणि त्यात उभे मुसळ. खाली तीन रेघा, वर एक. दहा पावलांवरून नातू ओरडला, "उखळ!"

दुसऱ्या दिवशी दोघी छापखान्यात गेल्या. या वेळी बरोबर मावशी होत्या. मुलाने रांगोळीचे चित्र बघून ते नीट केले. अक्षरे जाड आणि सरळ घेतली. 'गृह' बरोबर लिहिले. तो म्हणाला, "मावशी, हेच आधी सांगितलं असतं तर?" मावशी म्हणाल्या, "आम्हाला तरी आधी कुठं ठाऊक होतं?"

पंधरा हजार रुपये वाचले. फलकाचे बाराशे रुपये मात्र गेले. तो फलक आज वहिनींच्या सरपणावर झाकलेला आहे. पावसात तेवढा तरी त्याचा उपयोग होतो.

आता शेवटची गोष्ट. मार्का कितीही चांगला असला, तरी तो माल चांगला करीत नाही. तो फक्त ओळख पटवतो. पाकिटात चांगला मसाला असेल, तर गिऱ्हाईक उखळाची खूण शोधत येईल. पाकिटात भुसा असेल, तर तीच खूण बघून ते पुढच्या दुकानात जाईल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे होऊ नये. मार्का हा आपण दिलेला शब्द आहे. तो स्वच्छ अक्षरांत लिहावा आणि मग पाळावा.

विचार करा आणि करून बघा

१. टायर, घुंगरू आणि कंगवा-कात्री या खुणा लोकांना लगेच का कळतात?

२. दादांना मसाल्याचे पाकीट बघून कोणती शंका आली? का आली?

३. 'गृह' आणि 'ग्रह' हे शब्द पाच वेळा लिहा. प्रत्येकाचे एक वाक्य करा.

४. उद्या बाजाराला गेलात की पाच दुकानांच्या पाट्या वाचा. कोणती लांबून कळली? कोणत्या पाटीवर चूक सापडली? वर्गात सांगा.

५. आपल्या घरच्या धंद्याला किंवा शेतमालाला मार्का घ्यायचा ठरला, तर कोणता घ्याल? अंगणात रांगोळीने काढून दाखवा.